निर्धूम घटास धूप दाखविला त्याचे वर्तमान

॥ श्री ॥ जळ फुटोन वायु जाहला, वायु जुळोन पुन्हा जळ जाहले, आणि मधल्यामधे उजेड पडला, त्या पंचभूतांस प्रथम नमन. ज्यांनी हे पाहिले आणि गाजावाजा केला नाही त्यांस दुसरे नमन. ज्यांनी पाहिले नाही आणि गाजावाजा मात्र केला त्यांचेच हे वर्तमान आहे, सबब त्यांचे नमन राहिले ते राहिले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास. संवत्सराचे नाव वाया गेले नाही हे वाचणारास पुढे कळो येईल.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही, ज्याचे त्यास कळते. त्या राज्याचे पश्चिमेस डोंगर, आणि डोंगराचे कुशीत धामणखोरे म्हणोन बारा वाड्यांचा मुलूख, आणि बारा वाड्यांत मिळोन दवाखाना एक. दवाखान्यावर डॉक्टरीण अनसूयाबाई सात वर्षे मुक्काम करून होत्या. बदली मागितली नाही म्हणोन दरबारास त्यांचा संशय येत असे. वीज सरकारी तारेवरून खिंड चढोन येई. येई म्हणजे यावी ऐसा करार होता. वारा सुटला की जाई, वारा पडला की जाई, वानर तारेवर बसले तरी जाई. गेली म्हणजे डीझेलचे इंजिन सुरू करावे ऐशी तजवीज, आणि इंजिनावर द्वारकाबाई तांबट यांची नेमणूक. आधी त्यांचे यजमान इंजिन राखीत. ते वारले, मग बाईंनी दुसरे दिवशी दोरी ओढिली आणि इंजिन सुरू जाहले, त्याउपरी कोणी काही विचारिले नाही. वय पन्नाशीचे आतबाहेर. शाळेच्या यत्ता चार. पुढील विद्या इंजिनापासोन घेतली. कान लावोन कळे की याचे पोट दुखते की छाती. मात्र ते इंजिन मोठे धुरकट. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी त्याच बाजूस, आणि खोऱ्यात जे लेकरू उपजे त्याच्या नाकात पहिला वास आईचा न जाता डीझेलचा जाई. ही गोष्ट द्वारकाबाईंचे मनास फार लागे. एकदा त्या डॉक्टरीणबाईंस म्हणाल्या की मी जीव वाचवायला इंजिन लावते की जीव घुसमटवायला, ते मलाच उमगेना.

मग ऐसे जाहले की परमुलखीच्या एका मंडळीने त्या राज्यास निर्मळ विजेचा एक घट नमुन्यादाखल दिला, आणि राजधानीत त्याचे काय करावे हे कोणास कळेना, तेव्हा कोणी शहाण्याने तो धामणखोऱ्यास रवाना केला. घटाबरोबर किनाऱ्याकडील कारागीर मकबूल मिस्त्री आले, आठ दिवस राहिले, दवाखान्याच्या कौलांवर सूर्यपत्रे बसविले, मागील अंगणात लोखंडी टाकी रोविली, आणि घट पडवीत मांडिला. त्याची रीत ऐशी. दिवसा सूर्यपत्र्यांनी पाण्यास फोडावे, आणि फुटल्या पाण्यातील हायड्रोजन, ज्यास जुनी पुस्तके उदजन म्हणतात, तो टाकीत कोंडोन ठेवावा. तारेची वीज गेली की घटाने एका नाकपुडीने उदजन घ्यावा, दुसऱ्या नाकपुडीने भोवतालची हवा घ्यावी, आणि पोटात प्लॅटिनम धातूचा पातळ थर आहे त्यावर दोहोंची गाठ घालावी. जाळ नाही, धूर नाही, घरघर नाही. वीज निपजे, आणि शेपटाकडील नळीतून ऊन पाणी टपके. पाण्यातून निघाले ते पाणी होवोन परत आले, मधे कोणाचे वाकडे केले नाही. राज्यात अन्यत्र दगडी कोळसा जाळोन, धूर गरिबांचे दारी सोडोन, त्यातून उदजन काढितात आणि त्यासही निर्मळ हाच किताब देतात. ती कथा निराळी आणि तीही सांगण्याजोगी आहे. परंतु धामणखोऱ्याचा उदजन उन्हाचा आणि विहिरीचा होता. त्यात लबाडी नव्हती.

जाण्यापूर्वी मकबूल मिस्त्रींनी द्वारकाबाईंस पडवीत बसवोन सांगितले, "मावशी, तुमचं जुनं इंजिन म्हणजे विडी ओढणारा म्हातारा. काय वाटेल ते खाईल, खोकेल आणि चालेल. हा तसा नाही. हा सोवळ्यातला. ह्याच्या हवेच्या नाकाला ही कोळशाची काळी जाळी लावली आहे ती काढायची नाही. गंधकाचा धूर आत गेला की पोटातला थर तो धरून बसतो, मग सोडत नाही."

बाईंनी विचारिले, "सोवळं म्हणता, तर विटाळ कुणाचा होतो ह्याला?"

"माणसाचा कुणाचाच नाही. फक्त धुराचा."

"मग बरं आहे," बाई म्हणाल्या. "असलं सोवळं पहिल्यांदाच ऐकलं. हे मी पाळीन."

आणि पाळिले. घटापासोन चाळीस हातांत चूल नाही, विडी नाही, उदबत्ती नाही, ऐसा दंडक घातला. दवाखान्याचा रखवालदार विडीसाठी बांधाखाली जाऊ लागला. आधी कुरकुरला, मग चालणे जाहले म्हणोन गुडघे मोकळे जाहले ते सांगत फिरला. गुरव उदबत्ती घेवोन आला त्यास बाईंनी फाटकाशी अडविले आणि म्हणाल्या की ह्या देवाला वास चालत नाही, ह्याला नुसतं पाणी दाखव. त्या खोऱ्याची चाल पहिल्यापासोन ऐशी की ज्याच्या जिवावर हात चालतो त्याची पूजा जाहल्याखेरीज वर्ष सरत नाही. कोयता असो, जाते असो, मोटारीचे चाक असो. घटास तरी कैसे वगळावे? तेव्हा बाईंनी तोड काढिली. घटास हळदीचे एक बोट, तेही बाहेरच्या पत्र्यास, आणि विहिरीच्या पाण्याची एक पळी. धूप नाही, कापूर नाही, नारळाची शेंडीसुद्धा जाळणे नाही. शेपटाखाली त्यांनी माहेरचे तांब्याचे घंगाळ ठेविले. त्यात ऊन पाणी साठे, आणि त्या पाण्याने खोऱ्यातील नवी लेकरे प्रथमस्नान करीत. अकरा महिन्यांत त्रेसष्ट लेकरे त्या घंगाळात न्हाली, आणि त्यांच्या नाकात डीझेलचा वास गेला नाही. बाई घटास कान लावीत. तो निजलेल्या माणसासारखा हळू सुसकारे. त्यांस ते आवडे, पण बोलोन दाखवीत नसत. म्हणत की ह्याचं एक बरं, नवऱ्यासारखं घोरत नाही.

इकडे राजधानीत काय वर्तले ते ऐकावे. परमुलखीचा वकील, म्हणजे राजदूत, राज्यात येणार, आणि निर्मळ विजेचे काय केले ते पाहणार, ऐसा खलिता आला. ऊर्जाखात्याचे सरदार श्रीमंत हैबतराव यांनी दप्तर मागविले. दप्तरी निघाले की घट आले एक, आणि चालू शून्य. सरदारांनी विचारिले ऐसे का? तेव्हा शिष्टाचाराचे कारभारी त्र्यंबकपंत यांनी हात जोडोन अर्ज केला की घट चालतो आहे म्हणोन कुजबुज आहे, परंतु त्याचे उद्घाटन जाहले नाही, आणि उद्घाटन जाहले नाही ते यंत्र चालते म्हणोन लिहिण्यास दप्तरी रकाना नाही. सरदार दिलगीर जाहले, मग रागावले, मग म्हणाले की आमचे हस्तेवाचोन यंत्र अकरा महिने चालले हा आमचा अवमान आहे, तरी झाले ते पोटात घालितो. यंत्र बंद करावे, आम्ही येवोन सुरू करू. मुहूर्त खंडेनवमीचा ठरला, आणि त्र्यंबकपंत चार दिवस आधी मांडव, खुर्च्या, कर्णे आणि माणसे घेवोन खिंड चढले.

त्र्यंबकपंतांनी हुकूम वाचिला. द्वारकाबाईंनी पुरता ऐकोन घेतला आणि म्हणाल्या, "पंत, मूल अकरा महिन्यांचं झालं, रांगायला लागलं. आता तुम्ही डोहाळजेवण करायचं म्हणता."

माणसे हसली. पंत हसले नाहीत. बाईही हसल्या नव्हत्या. कारण ऐसे की आदल्या दिवशी वरच्या वाडीची चांगुणा सातव्या महिन्यात मोकळी जाहली होती, आणि मुलगी जाहली ती वजनाने सव्वा शेर, बोटे काडीएवढी, कातडीतून शिरा दिसाव्या ऐशी. डॉक्टरीणबाईंनी तीस काचेच्या उबेच्या पेटीत ठेविले होते, आणि त्या पेटीस वीज एक क्षण सोडोन चालण्याजोगे नव्हते. वीज तारेची असो की घटाची. उबेस त्याचे सोयरसुतक नाही. डॉक्टरीणबाईंनी पंतांस पेटीपाशी नेवोन मुलगी दाखविली आणि सांगितले की घट आठ दिवस बंद करू नये, उद्घाटन पुढे ढकलावे. पंत काचेत डोकावले. ते दुष्ट नव्हते, हे लिहिणे न्यायाचे आहे. डोळ्यांत पाणी आले, रुमालाने टिपिले, आणि म्हणाले की वकिलाची तारीख बदलत नाही, परंतु काळजी नसावी, त्या दिवशी तारेची वीज जाऊ नये ऐसा सरदारांचा सक्त हुकूम आहे. द्वारकाबाई म्हणाल्या की हुकूम वानराला कळवलात का? आणि तरी वीज गेलीच तर काय, ऐसे डॉक्टरीणबाईंनी पुसता पंत म्हणाले की मग जुने इंजिन आहेच. तेव्हा द्वारकाबाईंस थोडा धीर आला, आणि त्यांनी आपले हाताने इंजिनात तेल घालोन, पुसोन, तयार ठेविले.

त्याच दिवशी तिसरे प्रहरी पंतांचे दृष्टीस ते इंजिन पडले. काळे, तेलकट, धुराड्यास काजळी. पंतांचे मन कचरले. निर्मळ विजेचा सोहळा, आणि वकिलाचे नजरेस हे ध्यान पडले तर राज्याची अब्रू काय राहील? सबब बाई विहिरीवर गेल्या असता त्यांनी चार गडी लावोन इंजिन टेम्पोत चढविले आणि खिंडीपलीकडील चौकीत झाकोन ठेविले. बाई परत येवोन पाहतात तो इंजिनाच्या जागी कुंड्या मांडिल्या आहेत, शेवंतीच्या. बाईंनी पंतांस गाठिले आणि जे बोलायचे ते बोलल्या. ते सर्व येथे लिहीत नाही, लेखणीस शोभणार नाही. पंत म्हणाले की बाई, सोहळा झाला की संध्याकाळी परत आणतो, एका दिवसात काय होते? पुष्कळांचे पुष्कळ वाईट याच बोलाने जाहले आहे, की एका दिवसात काय होते.

खंडेनवमी उजाडली. सरदारांची स्वारी खिंड चढली, मागे वकील, मागे राजधानीचे लोक, आणि बारा वाड्यांतून कलश घेवोन बायका बोलाविल्या होत्या त्या उन्हात दोन तास उभ्या. द्वारकाबाई पहाटेपासोन घटापाशी बसल्या होत्या. चोपदार आला आणि म्हणाला की बाई, आपला सत्कार आहे, मंचावर चला. त्या म्हणाल्या की मला सत्कार नको, मी इथेच बरी. चोपदार म्हणाला की नावे छापली आहेत, आपली खुर्ची रिकामी दिसली तर माझी चाकरी जाईल. त्याचे तोंडाकडे पाहोन बाई उठल्या. उठल्या ही एवढीच त्यांची चूक, आणि तीही दुसऱ्याच्या पोटाकडे पाहोन केली. जाताना त्यांनी घटाच्या नाकाशी हात लावोन काळी जाळी जागेवर आहे याची खातरी केली. मंचावर कोपऱ्यातील खुर्ची दिली, सातवा क्रमांक, आणि बजावले की सत्कार होईतो उठू नये.

बाई गेल्यावर त्र्यंबकपंत पडवीत अखेरची नजर टाकावयास आले. घट पांढरा, पडवी सारवलेली, रांगोळी मोरांची, सर्व साजरे. आणि मधेच ती काळी जाळी. सणाचे दिवशी, सरदारांचे हस्ते, वकिलासमक्ष, काळे? त्या राज्यात अपशकुनाची धास्ती फार आणि कारणाची धास्ती मुळीच नाही. पंतांनी जाळी उचकटोन गड्याचे हाती दिली, आणि तिचे जागी झेंडूचे तोरण बांधिले. मग घटासमोर चारच हातांवर होमकुंड मांडिले, धुपाटणी दोन ठेविली, आणि अंगणात उखळी तोफा एकवीस, सरदारांस सलामीकरिता. ज्या पडवीत अकरा महिने उदबत्तीस येऊ दिले नव्हते तेथे राळ, गुग्गुळ, कापूर, तूप आणि बंदुकीची दारू, ऐसा सगळा बाजार भरला. आणि हे सारे कशाकरिता, तर या यंत्रास धूर नाही हे जगास दाखवावयाकरिता.

सरदार बोलो लागले. निर्मळतेवर बोलिले, पूर्वजांस हे सर्व ठाऊक होते म्हणोन बोलिले, येत्या पाच वर्षांत खेडोखेडी घट देऊ म्हणोन बोलिले. मांडवाचे मोठे पंखे आणि सोळा कर्णे त्या एकाच तारेवर जोडिले होते. सलामीचा इशारा जाहला. उखळ्या धडाधड उडाल्या, अंगण गंधकाने पिवळे जाहले, आणि वारा पडवीकडे. त्याच घडीस सरदारांनी भाषण न थांबविता मंचावर आणिलेली कळ दाबिली. हुकुमावरून त्या सकाळी घटाची कळ अकरा महिन्यांत प्रथमच बंद केली होती; सुरू होताना त्याने छाती भरोन श्वास घेतला. तोरणातून घेतला. होम, धूप आणि एकवीस तोफांचा धूर त्याच्या पोटी गेला. दिवे लागले, टाळ्या पडल्या. सातव्या खुर्चीवर द्वारकाबाईंस तो सुसकारा ऐकू आला. तो त्यांच्या ओळखीचा सुसकारा नव्हता, दम्याचा होता. त्या उठल्या. बाजूचा मानकरी म्हणाला की बसा बसा, क्रम यायचाय. बाई बसल्या नाहीत. शाल घेवोन येणारी मुलगी समोर आली तिला बाजूस सारोन धावत सुटल्या, आणि सर्व दरबाराने पाहिले की रानटी बाईस सत्काराची चाल ठाऊक नाही.

पडवीत पोचेपर्यंत दिवे मंद जाहले, मग गेले. घट दोनदा उचकला आणि स्वस्थ जाहला. सोळा कर्ण्यांचे भाराने तारेची वीज त्याआधीच खिंडीत कोठे तुटली होती. इंजिनाच्या जागी शेवंती. बाई तशाच बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या. डॉक्टरीणबाईंनी मुलगी पेटीतून काढिली होती आणि चांगुणेच्या चोळीच्या गाठी सोडोन उघड्या छातीवर कातडीस कातडी लावोन ठेवीत होत्या. वरून लुगड्याचे वेढे. चांगुणेस ताप होता. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, माझ्या हातून निसटंल. माझ्यात जीव न्हाई. द्वारकामावशीकडं द्या." मग मुलगी द्वारकाबाईंचे छातीवर आली. बाहेर सरदारांचे भाषण कर्ण्यावाचोन चालूच होते, कारण ते थांबविण्याची आज्ञा कोणास नव्हती.

मग बाईंनी खिडकीतून कलशवाल्या बायकांस हाक मारिली. कलश अंगणात ठेवोन एकामागोमाग एक आत आल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी पाळ्या लाविल्या. सोनारवाडीची गंगू, पलीकडच्या पाड्याची बुधी, गुरवाची सून, ऐशा सतरा जणी. कोणाची कोण, कोणत्या जातीची, त्या पेटीतल्या जिवाने विचारिले नाही. ज्या बाया एका विहिरीवर घागरी लावू देत नसत त्यांच्या छात्यांवरून ते लेकरू आळीपाळीने फिरले. कोणी म्हातारी म्हणाली की माझं अंग थंड, मी बायांचे पाय चेपते. घंगाळात घटाचे सकाळचे पाणी होते ते चुलीवर तापवोन बाटल्यांत भरोन फडक्यात गुंडाळोन दोहोबाजूस ठेविले. ते घटाचे शेवटचे देणे. दोन दिवस ऐसे गेले. का, तर टेम्पो राजधानीस खुर्च्या पोचवावयास गेला होता, आणि तो परत आल्यावाचोन इंजिन खिंड ओलांडीत नव्हते. दुसरे दिवशी दुपारी मुलगी द्वारकाबाईंचे छातीवर असता तिचा श्वास थांबला. बाईंनी आयुष्यभर यंत्रांचे श्वास ऐकिले होते. त्यांस ती शांतता लगेच कळली. तळपायास टिचकी मारिली. काही नाही. आणिक मारिली, आणि त्या इवल्या कानाशी तोंड नेवोन म्हणाल्या, "ए बाय. तो बंद पडला तर मिस्त्री येतो. तू बंद पडलीस तर कोण येईल?" तिसऱ्या टिचकीस मुलगी रागावली. रागावोन रडली. त्या खोलीत त्या दिवशी तिच्याच रागाचे चीज जाहले.

तिसरे दिवशी इंजिन आले, पेटी ऊन जाहली, मुलगी वाचली. आणि पंधरा दिवसांनी चौकशी आली. चौकशीचे अध्यक्ष त्र्यंबकपंतच, कारण त्या दिवसाची त्यांजइतकी माहिती दुसऱ्या कोणास नव्हती. त्यांनी द्वारकाबाईंस समोर उभे करोन विचारिले, "घट बंद पडला त्या समयी आपण कुठे होता?"

"तुम्ही बसवलंत तिथे."

"म्हणजे यंत्रापाशी नव्हता."

"नव्हते. सातव्या खुर्चीवर होते. उठू नका म्हणून सांगितलं होतं."

पंतांनी लिहिले की यंत्ररक्षिका ऐन समयी यंत्रापाशी हजर नव्हती. पुढे लिहिले की सत्कार सोडोन उठोन गेली. एकाच कागदावर बसल्याचाही गुन्हा आणि उठल्याचाही. डॉक्टरीणबाई मधे बोलल्या की जाळी कोणी काढिली ते लिहा, उखळ्या कोणी ठेविल्या ते लिहा. पंत म्हणाले की धार्मिक विधीने यंत्र बिघडते ऐसे लिहिले तर लोकांच्या भावना दुखावतील. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सव्वा शेराच्या भावना कोणत्या रकान्यात लिहिता? त्यास रकाना नव्हता.

याच सुमारास मकबूल मिस्त्री आले. घटाचे पोट उघडिले, थर नाकाशी धरिला, आणि मान फिरविली. म्हणाले, "मावशी, अकरा महिने ह्याला सांभाळलंत, आणि आत दिवाळी कुणी साजरी केली?" बाईंनी सर्व सांगितले. मिस्त्रींनी थर फडक्यात गुंडाळोन ठेविला. मग म्हणाले की कारखान्यात थरांचा एक जोड शिल्लक आहे, घालून देतो, घट पहिल्यासारखा चालेल. आणि मी लेखी देतो की दोष तुमचा नाही. तुमचं नाव धुऊन निघेल.

ही वार्ता त्र्यंबकपंतांचे कानी गेली आणि ते हर्षभराने धावत आले. म्हणाले की उत्तम, दुरुस्त होत असेल तर सरदारांस कळवितो, पुनरुद्घाटन करू. या खेपेस एकशेएक उखळ्या. त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि तेच भयंकर होते. द्वारकाबाईंनी त्यांजकडे पाहिले, घटाकडे पाहिले, खोलीत चांगुणा मुलीस पाजीत होती तिकडे पाहिले. मग विचारिले, "आणि दोष माझाच ठरला तर घटाचं काय करता?"

पंत म्हणाले, "मग रक्षिका बडतर्फ, आणि घट भंगारात निघतो. खाली नेण्याची तजवीज पुढे यथावकाश."

"यथावकाश म्हणजे?"

पंत प्रामाणिक होते. म्हणाले, "इकडून आजवर काही खाली गेलेलं नाही."

बाईंनी मिस्त्रींकडे पाहिले. मिस्त्री हळूच म्हणाले, "मावशी, भंगाराला उद्घाटन लागत नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या की द्वारकाबाई, असे करू नका, तुमचे नाव कायमचे डागाळेल, लोक काय म्हणतील? बाई म्हणाल्या, "लोक सतरा जणी आत होत्या. त्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांना मी कुठे ठाऊक आहे?" आणि कागद ओढोन घेतला, आणि आपले दुर्लक्षाने यंत्र नष्ट जाहले याखाली सही केली. चार यत्तांची सही, परंतु अक्षर वळणदार. पंतांचेच डोळ्यांत पुन्हा पाणी आले. त्यांनी रुमाल काढिला. बाईंनी मात्र त्या दिवशी जेवण केले नाही, आणि तांब्याचे घंगाळ चिंचेने घासीत बसल्या, चकचकीत होते तरी घासले.

मिस्त्री नवे थर घेवोन आले, शिष्टाचाराखेरीज आले, एसटीने आले. काळी जाळी गड्याने कोंबड्यांच्या खुराड्यास लाविली होती ती सोडवोन, धुवोन, कोळसा नवा भरोन जागी बसविली. कळ द्वारकाबाईंनी दाबिली. कोणी टाळी वाजविली नाही. सर्व जण गप्प उभे राहोन ऐकत होते, आणि घटाने हळू सुसकारा टाकिला, आणि थोड्या वेळाने घंगाळात पहिला थेंब पडला. रखवालदारास त्या आनंदात विडीची तल्लफ आली, तो बांधाखाली गेला.

एकूण वर्तमान येणेप्रमाणे. राज्याचे दप्तरी आजमितीस धामणखोऱ्याचे नावे घट एक, मृत. रक्षिका एक, बडतर्फ. उद्घाटन एक, यशस्वी. सरदार हैबतरावांस निर्मळतेखातर परमुलखात पदक मिळाले, ते त्यांचे दिवाणखान्यात आहे. चांगुणेची मुलगी आता बसू लागली. आठवड्यास एकदा तिला वाडीवरून खाली आणितात आणि घंगाळात सोडितात, ती पाणी उडविते आणि बाहेर काढू गेल्यास दात नसता चावते. पुढील खंडेनवमीस घटास हळदीचे एक बोट लागेल, पाण्याची पळी मिळेल, आणि खोऱ्याच्या तोंडाशी कोणी अधिकारी दिसल्यास बाया सांगतील की ते भंगार आहे, बघण्यासारखे काही नाही. जे चालते ते झाकावे लागावे आणि जे मेले ते मिरवावे, ऐशी त्या राज्याची रीत. वाचणाराने हे वर्तमान वाचावे, जमल्यास दुसऱ्यास वाचावयास द्यावे, आणि दरबारी मात्र कळवू नये. इति.